खुराक सगळ्या घराचा, हिशेब वहीत

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी २० वर्षांचा आहे, नागपुरात सक्करदऱ्याजवळ राहतो. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तीन वर्षांपासून वेटलिफ्टिंग करतो. वजन ६८ किलो आहे. वडील ऑटो चालवतात, आई घरी शिवणकाम करते, बहीण दहावीला आहे. आठवड्यातून सहा दिवस पहाटे साडेपाचला व्यायामशाळेत असतो आणि सरावानंतर तर्री-पोहे खातो. संध्याकाळी सातपासून रात्री साडेबारापर्यंत घरपोच जेवण पोहोचवतो. पेट्रोल वजा जाता महिन्याला ७,००० रुपये हाती येतात. त्यातून व्यायामशाळेचे १,२००, प्रोटीनच्या एक किलोच्या डब्याचे २,८०० आणि बुटांसाठी मोबाइलवरून काढलेल्या ८,००० रुपयांच्या कर्जाचा १,५०० रुपये हप्ता जातो. आई माळकरी असल्यामुळे घरात अंडी-मांस होत नाही. ताटात चौथी पोळी घेताना मला बहिणीकडे बघवत नाही. आई तिच्या वाट्याचे दूध मला देते आणि 'मला पचत नाही' म्हणते. व्यायामशाळेतले प्रशिक्षक, जे हे डबे विकतातही, म्हणतात, समर्पण असेल तर दुसरा डबाही सुरू कर. मित्र म्हणतात, ६५ किलोच्या गटात उतर, खाणेही कमी लागेल. कॉलेज सोडून पूर्णवेळ काम आणि सराव करावा का?"

तुझ्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, परंतु त्यातले सर्वांत जड वाक्य चौथ्या पोळीचे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. (मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक आहे. तुझ्या वयाची मुले तीस वर्षे समोर होती, तेव्हा 'तू' म्हणण्याची मोकळीक घेतो.) घरातल्या एकाच्या खुराकासाठी बाकीच्यांनी हात आखडता घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. आखाड्यात जाणाऱ्या मुलासाठी दुधाचा तांब्या वेगळा निघत असे, आणि ते दूध कोणाच्या पेल्यातून आले हे विचारण्याची घरातल्या मुलींची प्राज्ञा नसे. तुला बहिणीकडे बघवत नाही, हे तुझ्या मनाचे दुबळेपण मुळीच नाही, उलट तुला चुकीची जागा बरोबर दिसली आहे. मात्र त्यावर तू शोधलेला उपाय उलटा आहे. तू पोळी कमी करतोस, आणि जे पैसे चौघांच्या ताटात यायला हवेत ते दरमहा एकट्याच्या डब्यात घालतोस.

आता त्या डब्याचा हिशेब पाहू. एक किलोच्या डब्यातून साधारण ३३ चमचे निघतात आणि एका चमच्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे संपूर्ण डब्यात जेमतेम ८०० ग्रॅम. २,८०० रुपयांना भागले तर एका ग्रॅमला साडेतीन रुपये पडतात. माझ्या गल्लीतल्या किराणा दुकानात सोयाबीनच्या सुट्या वड्या १४० रुपये किलोच्या आसपास मिळतात. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात, तेव्हा ग्रॅममागे सत्तावीस पैसे झाले. फुटाणे पाऊण रुपयाच्या आसपास पडतात. दूध या मोजमापात महागच आहे, ग्रॅमला पावणेदोन-दोन रुपये, पण त्यात हाडांसाठी कॅल्शियम आणि शाकाहारी माणसाला दुसरीकडून सहसा न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व असते, म्हणून ते सोडू नये. डब्यातली पावडर वाईट नाही. ती दुधापासूनच निघते आणि सोयीची आहे. पण सोय ही चैन आहे आणि तुला ती आज परवडत नाही, इतकेच.

विदर्भाच्या शेतांत सोयाबीन उदंड पिकते, तरी आपल्या जेवणात ते फारसे येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. आपण त्याचे तेल खातो आणि तेल काढल्यावर उरलेल्या पिठाच्या वड्या होतात, ज्यांत खरा ऐवज असतो, त्यांना मात्र 'मांसाची नक्कल' म्हणून नाके मुरडतो. नाके मुरडण्याचे निम्मे कारण करण्याची पद्धत हे आहे. वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेव, थंड पाण्यातून काढून दोन्ही तळव्यांत घट्ट पिळ, फेसाळ पिवळट पाणी जाईल. पुन्हा एकदा पाणी घालून पिळ. दुसऱ्या पिळणीनंतर तो कच्चट वास राहत नाही. मग त्या हाताने कुस्करून कांदा, लसूण, खोबरे आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात सोड, किंवा झुणक्यासारख्या कोरड्या परत. माळकऱ्याच्या घरी ही भाजी कोणत्याही नियमात अडकत नाही. कांदा-लसूण चालत नसेल त्या दिवशी आले आणि हिंग पुरे. सोयाबीनमुळे पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन कमी होते, ही तुझ्या व्यायामशाळेत ऐकलेली गोष्ट मनातून काढ. आजवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा तसे काही आढळलेले नाही. मात्र पहिल्याच दिवशी वाडगाभर खाशील तर पोट फुगेल, तेव्हा मूठभराने सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढव.

वजन उचलणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. तुझ्यासाठी ती ११० ते १३५ ग्रॅम होतात. ६० ग्रॅम वड्यांतून ३१, अर्धा लिटर दुधातून १६, ८० ग्रॅम तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीतून १८, मूठभर फुटाण्यांतून १०, ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून १०, पाव किलो कणकेच्या पोळ्यांतून किंवा भाकरीतून २५ च्या वर, भातातून ७ आणि वाटीभर दह्यातून ६. बेरीज करून पाहा, सव्वाशेच्या जवळ जाते. त्यात चौथी पोळीच काय, पाचवीही आहे. ती प्रथिनांसाठी आहे तशीच ताकदीसाठीही आहे, कारण जड बैठकांच्या दिवशी पोटात पोळी-भात नसेल तर शरीर तीच प्रथिने जाळून उष्णता काढते आणि तुझा महागडा चमचा शब्दशः धुरात जातो. सरावानंतर तू तर्री-पोहे खातोस असे लिहिले आहेस, ते बंद करू नकोस. फक्त गाडीवाल्याला तर्रीतले चणे जास्त आणि वरचे तेल कमी घालायला सांग. एकादशीला आईबरोबर उपास करत असशील तर साबुदाण्यावर राहू नको, त्यात प्रथिने जवळपास नसतात. शेंगदाणे, राजगिरा, दूध आणि दही यांवर तो दिवस निघतो.

इथवर एकट्याचा हिशेब झाला. माझे खरे म्हणणे असे की ही वड्यांची भाजी चौघांसाठी एकाच पातेल्यात शिजावी. चौघांना रोज मिळून १५० ग्रॅम कोरड्या वड्या धरल्या तर महिन्याला साडेचार किलो, म्हणजे सव्वासहाशे रुपये होतात. अर्धा लिटर जादा दुधाचे ९००, दीड किलो फुटाणे, तितकेच शेंगदाणे आणि थोडी केळी धरून सगळे २,२०० च्या आत बसते. भाव थोडे इकडेतिकडे होतील, पण डब्याचे २,८०० वाचले की या सगळ्या खर्चानंतरही ६०० रुपये शिल्लक राहतात. ते हप्त्याव्यतिरिक्त कर्जात भर. त्या कर्जाचा करार नीट वाचून मुदतीआधी फेडण्याची सोय आहे का ते पाहा आणि फेडून झाल्यावर ते ॲप मोबाइलमधून काढून टाक. बुटांबद्दल मी तुला रागावणार नाही. टाच उंच असलेला, तळ कडक असलेला बूट या खेळात उपयोगी पडतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. कर्ज काढून घेतलास ते चुकले, पण घेतलेले आता वापर.

आईच्या दुधाबद्दल दोन शब्द. 'मला पचत नाही' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की तो आजार माझ्या मते फक्त वाढत्या मुलांच्या आयांनाच होतो. खरेच पचत नसेल तर तिला दही किंवा ताक दे. विरजणामुळे दुधातली साखर कमी होते आणि ते अनेकांना सोसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ५५ किलोच्या बाईला तीही ४५ ग्रॅमच्या वर लागतात, आणि डाळीचे वरण पातळ करून सगळ्यांना पुरवणाऱ्या बाईच्या पोटात ती जात असतील असे मला वाटत नाही. तुझी बहीण वाढीच्या वयात आहे, तिलाही तुझ्याइतकीच गरज आहे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या वडिलांच्या पानटपरीची गोष्ट सगळ्यांनी लिहिली. त्याच्याच बहिणीने, काजोलने, त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते, हे त्यामानाने कमी लोकांच्या लक्षात राहिले. पानटपरीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या त्या घरात दोन ताटे वाढली जात होती. तुझी बहीण वजन उचलो वा न उचलो, तिचे ताट तुझ्या खुराकाच्या हिशेबात धरलेच पाहिजे.

मित्रांनी सुचवलेला ६५ किलोचा गट मात्र पूर्णपणे विसर. कमी गटात उतरल्याने खाण्याचा खर्च वाचतो, हा हिशेब वरवर चतुर दिसतो. वाढीच्या वयातल्या मुलाने खाणे तोडून वजन उतरवले की आधी पाणी जाते, मग ताकद जाते आणि चरबी सर्वांत शेवटी हलते. वजनाचे गटही आंतरराष्ट्रीय संघटना अधूनमधून बदलत असते. संकेतने रौप्य मिळवले तो ५५ किलोचा गट आज वरिष्ठ पुरुषांच्या यादीत उरलेलाच नाही, तेव्हा आकड्यासाठी शरीर कापण्यात शहाणपण नाही. हे मी शिकलो ते पुस्तकातून नव्हे. १९८६ मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माझे वजन गटापेक्षा ४०० ग्रॅम जास्त भरले. पाणी सोडून, अंगावर दोन स्वेटर चढवून मी रेशीमबागेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या आणि रात्रभर जिभेला कोरड पडून जागा राहिलो. सकाळी काट्यावर पास झालो. वजन आजही स्पर्धेच्या दोन तास आधीच घ्यायला सुरुवात होते. तेवढ्या वेळात प्यायलेले पाणी पोटात डुचमळते, स्नायूंत पोहोचत नाही. जे वजन मी रोज सरावात हसत डोक्यावर नेत होतो, त्यावर स्नॅचचे, म्हणजे बार एका झेपेत जमिनीवरून डोक्यावर नेण्याचे, तिन्ही प्रयत्न हुकले. या खेळात दोन प्रकारच्या उचलींची बेरीज धरतात, त्यामुळे स्नॅचमध्ये शून्य म्हणजे एकूण बेरीजच नाही. परत येताना डब्यातली पुरी-भाजी खाल्ली तिची चव अजून तोंडात आहे, आणि ती चांगली नाही.

राहिला प्रश्न समर्पणाचा. डबा विकणारा माणूस समर्पण मोजायला बसला की त्याच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. विशेषतः त्याने कधी लेबल नसलेल्या गोळ्या किंवा 'थोडेसे इंजेक्शन' पुढे केले तर तेथून उठून ये. आपल्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, 'मला माहीत नव्हते' म्हटल्याने सुटका होत नाही, आणि ठरवून घेतल्याचे सिद्ध झाले तर चार वर्षांची बंदी येते. २०२२ मध्ये आपल्याकडे यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही झाला. सर्दीच्या गोळीपासून कोणतेही औषध घेण्याआधी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या 'नो युअर मेडिसिन' (Know Your Medicine) या ॲपवर ते तपासण्याची सवय लाव. पुढे कधी हात मोकळा झाला आणि काही विकत घ्यावेसेच वाटले तर साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, तेही नामांकित प्रयोगशाळेत तुकडीनिहाय तपासलेले. ते बंदी असलेल्या यादीत नाही आणि मांस न खाणाऱ्यांना त्याचा गुण थोडा अधिक दिसतो. पण कर्ज फिटेपर्यंत तेही नको.

तुझ्या समर्पणातली खरी गळती झोपेत आहे. साडेबाराला काम संपते, एकला अंथरुणावर पडतोस आणि साडेपाचला व्यायामशाळेत असतोस, म्हणजे साडेचार तासही झोप नाही. खाल्लेल्याचे मांस व्हायला झोप लागते. त्या तासांना पैसे पडत नाहीत, म्हणून त्यांची किंमत कोणी धरत नाही. काम रात्री साडेदहाला थांबव आणि सराव दुपारी चार वाजता ठेव. उत्पन्न थोडे घटेल. ते शुक्रवार, शनिवार आणि रविवारी, जेव्हा मागणी जास्त असते, उशिरापर्यंत काम करून बऱ्यापैकी भरून काढता येईल. सहा दिवसांऐवजी चार दिवस सराव कर, वहीत प्रत्येक दिवशीचे वजन आणि फेऱ्या लिही, आणि तीन महिन्यांनी आकडे घटले आहेत का ते पाहा. घटणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत मात्र सकाळीच जा. पारा ४५ वर गेलेल्या आपल्या दुपारी टिनाच्या छपराखाली बारला हात लावला तर तो चटका देतो, आणि घामाने हाताला लावलेला चॉक टिकत नाही. त्या महिन्यांत गाडीवर फिरताना मीठ घातलेले ताक किंवा पन्हे बरोबर ठेव.

कॉलेज सोडू नकोस. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी खेळातली पात्रता आणि पदाला लागणारे शिक्षण दोन्ही हवे. पदक असून पदवी नाही म्हणून अर्ज करू न शकलेली मुले माझ्या माहितीत आहेत. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तर तू विद्यापीठाचा विद्यार्थी असायला हवास, आणि विद्यापीठाच्या संघातून गेलास तर प्रवासाचा भार बराचसा तुझ्यावरून उतरतो. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात. ती निवड सोपी नाही आणि त्या भरवशावर आज कर्ज काढू नये, पण तेथे पोहोचण्याच्या पायऱ्या जिल्हा आणि राज्य स्पर्धा याच आहेत. या आठवड्यात कॉलेजच्या क्रीडा विभागात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन येत्या स्पर्धांच्या तारखा आणि प्रमाणपत्र पडताळणीचे नियम लिहून आण. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातही चौकशी कर. तेथे सोय आणि शुल्क जमले तर तुझे १,२०० रुपये कमी होतील, आणि डबा विकणाऱ्या माणसापासून अंतर पडेल हा फायदा वेगळाच. वर्षातून एकदा मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे. जाताना आईलाही घेऊन जा.

हे सगळे घरी कसे सांगायचे, हे तू विचारले नाहीस, पण तेच तुला जड जाणार आहे. रविवारी वडिलांची ऑटो दारात उभी असेल तेव्हा वही काढून चौघांसमोर बस. कर्जाचा आकडा आधी सांग. ते ऐकून वडील रागावतील, त्यांना रागावू दे. मग किराण्याची यादी वाचून दाखव आणि त्यातली प्रत्येक वस्तू चौघांसाठी असेल, व्यायामशाळा, बूट आणि स्पर्धेचा प्रवास एवढाच खर्च तुझ्या कमाईतून जाईल, असे स्पष्ट सांग. मदत घेण्याची लाज बाळगू नकोस. मीराबाई चानू सरावाला जाताना वाळूच्या ट्रकमधून फुकट जात असे, आणि टोकियोचे रौप्यपदक घेऊन २०२१ मध्ये घरी परतल्यावर तिने त्या ट्रकचालकांना बोलावून त्यांचा सत्कार केला. मात्र ट्रकचालकांना ठाऊक होते की आपण कोणाला कशासाठी नेत आहोत. तुझ्या घरच्यांना तुझा हिशेब अजून ठाऊक नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा लिही. किती किलो उचललेस ते सर्वांत शेवटी लिहिलेस तरी चालेल. त्याआधी हप्ते किती उरले, रात्री किती तास झोपलास आणि आईच्या पेल्यातले दूध कोण पिते, ते लिही.